पाहुणीचा दहीभात

।। श्री ।।
राजाजीनगर, बेंगळूर
ता. १४ जुलै १९९६

चि. भव्यास आजीचे आशीर्वाद. वि. वि. धारवाडहून चार ओळींचं पत्र आलं, त्यातल्या दोन मैत्रिणीच्या चपलांच्या. हॉस्टेलात शिकायला ठेवलंय का चपला बघायला, असं तुझी आई विचारते. मी नाही विचारत.

पाहुणी परत आली म्हणतेस. अंग तव्यासारखं होतं आणि रात्री घामाने चादर पिळावी लागायची. चैत्रात करगाच्या जत्रेच्या दिवसांत तू इथे असतानाही अशीच आलेली. तिची रीत तुला ठाऊक आहे. अंग निवलं की दहीभात कालवून देवी अम्माच्या निंबाखाली ठेवायचा, मागे वळून बघायचं नाही, आणि मग तिचं नाव काढायचं नाही. गेलेलीचं नाव घेतलं की बोलावल्यासारखं होतं, लगेच दारात उभी. माझ्या सासूच्या सासूपासून हे चालत आलंय. तुझं अंग निवल्याचं कळलं, म्हणून तिच्या निरोपाची शिदोरी मी काल ठेवून आले. तू फक्त तोंड मिटून राहा, तुला ते जड जाईल म्हणा.

लोभ आहेच, तो मागायला नको. डोक्याला तेल लावत जा.
तुझी आजी, सगुणा

---

धारवाड
२२ सप्टेंबर १९९६

ती. आजीस भव्याचा वाकून नमस्कार. गौरीला घरी यायचं म्हणून बॅग भरली आणि पाहुणी दारात. तिला आपले सण बरे कळतात.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, ताप याआधी कधी येऊन गेला होता का? (शब्द त्यांचा आहे, माझा नाही.) तुझीच नात मी, नाही म्हणाले. त्यांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. आषाढातल्या डॉक्टरांनाही नाहीच म्हणाले होते, ते टायफॉइड म्हणाले. आता ती गेली आहे. गोळ्यांनी गेली असं डॉक्टर म्हणतील, दहीभाताने असं तू म्हणशील. तुम्ही दोघं भांडून घ्या.

बाकी बरं आहे. अंगाला उगीच खाज सुटते. पंजाबी ड्रेस इतके सैल झालेत की मैत्रीण म्हणते नवीन फॅशन. मानेला एक सुपारीएवढी गाठ आली आहे, पण मुळीच दुखत नाही, म्हणजे काही नसणार.

आईला आणि अण्णांना नमस्कार. माझा करंजीचा वाटा कुणाला देऊ नकोस.
भव्या

---

।। श्री ।।
बेंगळूर
ता. २८ सप्टेंबर

चि. भव्यास आशीर्वाद. वि. वि. करंज्या संपल्या. तू आलीस की दुसऱ्या करीन.

गाठ दुखत नाही हे मला आवडलं नाही. दुखणारं गळू पिकतं, फुटतं, जातं. न दुखणारं काय करतं ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही असं फार थोडं आहे. रघुजीला तुला आणायला पाठवते. बापाबरोबर मुकाट्याने गाडीत बस, परीक्षेची कारणं सांगू नकोस. इथल्या मोठ्या डॉक्टरांना गाठ दाखवू. पाहुणीचं बोलू नकोस, ती गेली आहे.

येताना गाडीत खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो.
आजी

---

हॉस्पिटल, बेंगळूर
५ नोव्हेंबर

ती. आजीस नमस्कार. अण्णा डबा परत नेताहेत, त्यांच्याबरोबर हे देते.

काल तू आलीस त्याच्या आधीची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. परवा पाहुणी इथे वॉर्डातच आली. डॉक्टरीणबाईंनी अण्णांना विचारलं, पूर्वी कधी? अण्णा फरशीकडे बघत म्हणाले, पहिल्यांदाच. मीही मान हलवली. टीबीच्या गाठी असतील, गोळ्या देऊन घरी पाठवू, असं त्या म्हणत होत्या. अण्णांनी घरी येऊन हेच तुला सांगितलं असणार, म्हणून तू गुडघे धरत जिना चढून आलीस.

सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तू कन्नडात सांगितलंस. करगाला आला, आषाढात आला, गौरीला आला, दसऱ्याला आला, दर वेळी आपोआप गेला. पलीकडच्या खाटेवरच्या अज्जी उठून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं कसं लक्षात राहिलं? तू म्हणालीस, सण विसरायला मी काय विलायतेतून आले? मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

मग त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अण्णांना बाहेर नेलं. अण्णा आत आले ते मला बिस्किटं देत बसले, एकामागून एक. आजी, बाहेर काय बोलणं झालं? इथे मला कुणी सांगत नाही.

तुझी भव्या

---

।। श्री ।।
राजाजीनगर
ता. १९ नोव्हेंबर

चि. भव्यास आशीर्वाद. वि. वि. रिपोर्ट आला. रघुजी सांगणार नाही. तुझी आई सांगायला बसते आणि पदर तोंडाला लावते. म्हणून मी लिहिते. तुला गाठींचा कॅन्सर आहे. ताप त्याचाच होता. येत होता आणि जात होता तो त्याचाच. गोळ्यांनी गेला नाही की माझ्या दहीभातानेही नाही. बघ, नाव लिहिलं. ताप. मी बोलावला नाही तरी तो येतच होता.

औषध आहे म्हणतात. सलाईनमधून देतील, ओकाऱ्या होतील, केस जातील. तुझ्या केसांवर मी तेल किती घातलं, जाऊ दे. बरी होईल का, असं मी विचारलं. डॉक्टरीण म्हणाल्या, बघू. मग म्हणाल्या, स्वल्प आधी कळलं असतं तर, आणि थांबल्या. पुढचं मला कळलं. तुला तोंड मिटायला मी शिकवलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंग निवलंय म्हणतेस. सकाळी सवयीने दहीभात कालवला, मोहरीची फोडणी दिली, आणि निंबाकडे निघाले. कोपऱ्यावरून परत आले. तो भात आजारी माणसाने खायचा नसतो, तो पाहुणीचा. लहानपणी तू पातेल्यात बोट घातलंस म्हणून मी चापट मारली होती.

आज तोच डब्यात घालून पाठवते आहे. डॉक्टर ‘सरी, चालेल’ म्हणाल्या तर एक घास खा. पोटात राहिला नाही तर राहू दे, परत पाठव, मी खाईन. उद्या परत कालवीन. मला दुसरं काही येत नाही.

आजी