टायरात बसलेल्या सासूबाई

आदरणीय दोब्रिला वन्सं,

स्पासेनियाचा वाकून नमस्कार. (आता मला वाकता येतं आणि कुणी हात न देता पुन्हा सरळही होता येतं, ते कसं हे पुढे कळेलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे परदेशात, लिंझच्या त्या इस्पितळाच्या धोबीखान्यात ओल्या चादरी उपसून खांदे भरून येतात असं तुम्ही ईस्टरला फोनवर म्हणाला होतात, तेव्हापासून तुमचे खांदे माझ्या मनातून जात नाहीत. इकडे सगळं क्षेम आहे. प्लम इतके लगडलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुमचे बंधुराज तिहोमिर ठणठणीत आहेत आणि पुढची सगळी हकीकत त्या ठणठणीतपणातूनच उद्भवली आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: यंदा संत पीटरच्या दिवशी इकडे यायची दगदग तुम्ही मुळीच करू नका. एवढा बसचा प्रवास, त्यात हा उन्हाळा, त्यात ते गुडघे. आमचं आम्ही बघून घेऊ.

बघायचं काय, तर रस्सीखेच. तुम्ही त्याच मातीतल्या, तुम्हाला मी काय सांगणार. पण राग आला की माणूस ठाऊक असलेलंच पुन्हा सांगत बसतं. ओढ्याच्या अलीकडे आपलं वरचं गाव, पलीकडे खालचं. जे पाण्यात पडतील ते हरले, आणि जे कोरडे राहतील त्यांच्या कुरणात पुढे संत इलियाच्या दिवशी जत्रा. किती वर्षं झाली, ती जत्रा खालीच भरते आहे. आणि आईंनी शपथ घेतली आहे. "त्यांच्या कुरणात जाऊन मी कोकरू खाऊ? त्यापेक्षा घरचा उकडलेला बटाटा बरा!" त्या दिवशी आपल्या सासूबाई (म्हणजे माझ्या, तुमची आई) खिडकी लावून घेऊन बटाटा खातात, आणि खालून ट्रम्पेट वाजायला लागले की टोपल्यातली लोकर उगीचच खिडकीपाशी नेऊन विंचरायला बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं हे चोरून ऐकणं मला बघवत नाही. त्यांच्या खिडकीखाली एकदा तरी ते गरगर फिरणारे पाळणे लागले पाहिजेत. मला ढाल नको, हार नको, एवढंच हवं.

आता ओढणार कोण? गावातले धडधाकट पुरुष स्लोव्हेनियात ट्रक चालवतात, उरलेल्यांच्या मणक्यांत मणका धड नाही. पण नियम एवढाच आहे की दोरीला आठ जीव हवेत, या गावात जन्मलेले किंवा या गावात नांदायला आलेले. जीव पुरुषाचाच हवा असं कुणी कुठे म्हटलेलं नाही. हा मुद्दा फादरांच्या बायकोनं, वेस्नानं, चर्चच्या ओट्यावर कॉफी पिताना काढला आणि कॉफी संपायच्या आत आम्ही बायकांनी संघ काढला.

संघ म्हटल्यावर तालीम आली. ह्यांनी इंटरनेटवर चकचकीत वजनं पाहिली, किंमत वाचली आणि खुर्ची ओढून बसले. त्या पैशात एक डुक्कर येतं, आणि डुकराला वजनांसारखं दुसऱ्या दिवशी अडगळीत टाकून विसरता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला पटला. मग म्हणाले, "जगात टायर असताना लोक लोखंडाला पैसे का घालतात तेच कळत नाही." तुम्हाला तुमचे बंधुराज माहीत आहेत. लहानपणी रेडिओ दुरुस्त करताना घराची वीज घालवणारे तेच हे. (तुम्हीच मला हे लग्नात सांगितलंत. लग्न लागल्यावर.)

पहिला शोध म्हणजे बारबेल. जुन्या झास्तावा गाडीचे दोन टायर, मध्ये पाण्याचा पाइप आणि टायरांच्या पोटात सिमेंट. हे सगळं त्यांनी उन्हाळी स्वयंपाकघरात ओतलं, का तर तिथे सावली आहे. सिमेंट वाळल्यावर आम्ही सगळ्या जमलो. मी ओढून पाहिलं, हललं नाही. वेस्नानं आधी प्रार्थना करून ओढलं, तरी हललं नाही. चौघींनी मिळून जोर लावला, तर एकीच्या ब्लाउजची शिवण गेली. हे मात्र छाती काढून उभे, "बघा, वजन म्हणतात ते याला!" शेवटी आईंनी काठीनं खालची कड खरवडली आणि म्हणाल्या, "अरे गाढवा, खाली कागद घातला होतास का?" नव्हता घातला. ती बारबेल आता घराचा भाग आहे. सरकारी माणूस मोजणीला आला तर तिच्यासकट मोजेल. शरद ऋतूत मिरच्या भाजताना बसायला मात्र उत्तम आहे, वाऱ्याकडे पाठ करता येते.

दुसरा शोध चालला, म्हणजे अक्षरशः चालला. ट्रॅक्टरचा मोठा टायर आडवा टाकून खाली फळी बोल्टनं आवळली, पुढे दोर, दोराला गाडीचा जुना सीटबेल्ट, तो कमरेला. घसरगाडीच म्हणा. वजन म्हणून आधी मक्याची पोती टाकली, पण एक पोतं फाटकं निघालं आणि गावभरच्या कोंबड्या मागे लागल्या. तालीम कमी आणि वरात जास्त झाली. पोती उतरवली. आई सकाळपासून फाटकापाशी उभ्या राहून आम्हाला सूचना देत होत्या, त्यांचे पाय दुखायला लागले, म्हणून रिकाम्या टायरात उशी टाकून जरा टेकल्या. मी पट्टा बांधलेलाच होता. ओढलं.

वन्सं, ते तोंड तुम्ही बघायला हवं होतं! थंडीपासून ज्या बाईनं फाटक ओलांडलं नव्हतं (गाडीत बसलं की त्यांना उलट्या होतात), ती बाई गावच्या रस्त्यानं टायरात बसून निघाली होती. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी माझ्या बापजाद्यांचा उद्धार केला. दुसऱ्या वळणावर डोक्याचा रुमाल नीट केला. तिसऱ्या वळणावर हात हलवून लोकांचे नमस्कार घ्यायला लागल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "उद्या दुकानावरून घे. आणि जरा हळू, मला लोकांशी बोलता येत नाही."

तेव्हापासून तालमीचा रस्ता त्याच ठरवतात. सोमवारी कबरस्तान, मामंजींना फुलं घालून येणं. मंगळवारी दुकान. बुधवारी जिच्याशी त्या बोलत नाहीत तिच्या फाटकावरून दोनदा, फक्त दिसण्यासाठी. ती बोलत नसलेली तिसऱ्या फेरीला धावत बाहेर आली आणि आईंना नावानं हाक मारून म्हणाली, "क्रुनिया, सरक ग जरा!" दोघी आता शेजारी बसतात. बोलत अजूनही नाहीत, पण मांडीवर एकच चादर घेतात. इतर म्हाताऱ्याही नटून फाटकापाशी उभ्या राहायला लागल्या. ह्यांनी मागे एकेक टायर जोडत नेला. दर घरी म्हाताऱ्यांना चीज भरलेली खमंग पोळी खायला घालतात, त्यामुळे वजन आपोआप वाढतं आणि आम्हाला काही मोजावं लागत नाही. माझ्या मांड्या अशा झाल्या आहेत की जुना घागरा वर चढत नाही, आणि मला त्याचा भयंकर आनंद होतो.

एवढे टायर आले कुठून, असं तुम्ही विचाराल. माझ्या चुलत दिरांच्या, रादोसावांच्या, गुरांच्या मुरघासावर प्लॅस्टिकचा कागद आहे ना, तो उडू नये म्हणून वर टायर ठेवलेले असतात. आम्ही त्यांना विचारून एक आणला. मग न विचारता एकेक. एक कमी झाल्यानं काय होतंय, असं आम्हाला प्रत्येक वेळी वाटलं आणि प्रत्येक वेळी ते खरंही होतं, शेवटची वेळ सोडून. मागच्या आठवड्यात वारा सुटला आणि तो अख्खा कागद डेअरीवरून, ओढ्यावरून तरंगत खालच्या गावात त्यांच्या सरपंचांच्या मधपेट्यांवर जाऊन पसरला. रादोसाव भावजींनी मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिता येत नाही. खालचे लोक मात्र कागदाची नीट घडी घालून द्यायला आले, आणि नेमके तेव्हाच रस्त्यावरून आम्ही चाललो होतो. पुढे आम्ही बायका घामानं निथळलेल्या, मागे टायरांची आगगाडी, पहिल्या टायरात आई. सरपंच पोट धरधरून हसले. म्हणाले, "आजी, यंदा बदलायचे कपडे घेऊन या हं!"  आई घरी येऊन जेवल्या नाहीत. रात्री मला फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या चढावरून घे. मी हलकी नाही, मला माहीत आहे. पण घे."

आम्ही घेतला. चढ चढलो. वर पोचल्यावर वेस्ना रडली, मी रडले, म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. तर सांगायचं तात्पर्य, तयारी पक्की आहे, काळजीचं कारण नाही आणि तुम्ही गुडघ्यांना जपा. थोरांना नमस्कार, धाकट्यांचे पापे, आणि कपडे वाळत घालताना वाकू नका.

तुमची वहिनी,
स्पासेनिया

ता. क. वर मी तयारी पक्की म्हटलं ती सात जणींची. आठवी मिळत नाही. जिला जिला विचारलं ती एक तर टायरात बसायच्या वयाची आहे किंवा बाळंतीण आहे. सात जीवांना दोरी धरू देत नाहीत, जत्रा न ओढताच खाली जाते.

दुसरा ता. क. वन्सं, तुम्ही याच गावात जन्मलात. आणि ओल्या चादरी उपसून झालेले ते खांदे! दोरीची शेवटची जागा, कमरेला गुंडाळायची, ती मी कुणाला दिलेली नाही. दगदगीचं जे वर लिहिलं ते सगळं खोडलंय असं समजा. (खोडत नाही, पत्र घाण दिसेल.)

तिसरा ता. क. आई शेजारीच बसल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, समजा वन्सं एवढ्या लांबून आल्या आणि आपण तरीही हरलो, तर त्यांना काय तोंड दाखवायचं? आई म्हणाल्या, "लिही तिला, परदेशात कोरडी राहून काय करणार आहेस? पडायचंच तर घरच्यांबरोबर पड."