बरं हाय म्हणायचं न्हाई

आई,

परवा दवाखान्यात एका बाईंनी मला विचारलं, कशा आहात, आणि मी म्हणाले, बरी आहे. शब्द तोंडातून गेला आणि सारोळ्याच्या मावशी आठवल्या. त्या असत्या तर त्यांनी तिथंच डोळे वटारले असते. माझ्या स्तनातली गाठ काढली, आता औषधं चालू आहेत. दर गुरुवारी पुण्यातल्या त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर आमच्यासारख्या बायका गोल करून बसतात. आपापलं दुखणं एकमेकींना सांगायचं, धीर द्यायचा, डॉक्टरांना काय विचारायचं ते मिळून ठरवायचं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण होतं असं, की एकेक जण बरी आहे म्हणते, चहा पिते आणि घरी जाते. त्या दिवशी परत येताना मला वाटलं, हे असं बसणं मी आधी कुठंतरी पाहिलंय. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, इतकंच.

मी चौथीत होते. तुझी छाती क्षयानं बिघडली आहे असं कळलं आणि भोरच्या सरकारी दवाखान्यातून दर आठवड्याला गोळ्या आणायचं ठरलं. विंझरहून सकाळची एसटी धरायची, कापूरहोळच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथं भोरच्या गाडीची वाट बघायची. दादांना शेतातून निघता यायचं नाही, म्हणून गाडीची पाटी वाचायला तू मला बरोबर न्यायचीस. तुला अक्षर येत नव्हतं आणि ते कुणाला कळलेलं तुला आवडायचं नाही. कुणी विचारलंच तर तू सांगायचीस, पोरीला भोरचा बाजार दावायला नेते. फाट्यावर गॅरेजच्या पलीकडं एक चिंच होती. तिच्याखाली तू रस्त्याकडं पाठ करून बसायचीस, तोंडावर पदर, आणि मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवायचीस. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून.

तिथंच सारोळ्याच्या मावशी भेटल्या. उंच, हडकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी येऊन सरळ विचारलं, भोरला गोळ्यांना का? तू म्हणालीस, न्हाई, बाजाराला. त्या तुझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघतात, आणि मग खाली बसत म्हणतात, "बाजाराला निघालाय आन संगं पिशवी न्हाई? ऱ्हाऊ द्या. म्या बी पयलं सा म्हैनं बाजारालाच जात हुते." तू पदराआड हसलीस. तुला दुखणं लागल्यापासून तुझं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आपल्याच गाडीनं वेल्ह्याच्या वरच्या अंगाचे एक आबाही यायचे. गाडीत गावची माणसं असायची, म्हणून तुम्ही दोघं एकमेकांना ओळख दाखवायचा नाहीत. फाट्यावर गाडी निघून गेली, की मग आबा घोंगडी सावरत चिंचेखाली यायचे. मावशींनी तिथं एक नियम घातला होता. कसं हाय असं विचारलं, की बरं हाय म्हणायचं नाही. जे असेल ते सांगायचं. "बरं हाय घरच्यास्नी सांगायला," त्या म्हणायच्या, "हितं खरं बोला. हितं कोण पळून जानार न्हाई." मग आबा सांगायचे, रात्रीला घामानं घोंगडी भिजते. तू सांगायचीस, गोळी घेतली की मळमळतं आणि पोटात अन्न ठरत नाही. मावशी म्हणायच्या, उपाशीपोटी घेत असशील, आधी भाकरीचा तुकडा खा. एकदा आबा म्हणाले, ह्या रोगाचा येक फायदा झाला, पावणं यायचं बंद झालं. त्यावर मावशी म्हणाल्या, "आबा, तुमच्याकडं पावणं आदी तरी कुठं येत हुतं?" आबांना हसताना खोकल्याची उबळ आली आणि त्यांचं थांबेपर्यंत तुम्ही दोघी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलात. भोरची गाडी त्या दिवशी मीच अडवून धरली होती.

मावशी बौद्ध वाड्यातल्या, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सुरुवातीला त्यांनी पुढं केलेली शेंगदाण्याची चटणी तू घेतली नाहीस, पोट भरलंय म्हणालीस. त्यांनीही आग्रह केला नाही, नुसती फडक्यावर मधोमध ठेवली. पुढं कधीतरी तू हात पुढं केलास. कधी ते मला आठवत नाही, कारण तू ते कुणाच्या लक्षात येईल असं केलंच नाहीस. नंतर तर तिघांचं फडकं एकच झालं. आबांची नाचणीची भाकरी, तुझं कोरड्यास, मावशींची चटणी. आपल्याकडं समोरच्याला दिल्याशिवाय घास उतरत नाही. घोटाळा झाला तो ह्यातूनच.

त्या वर्षी पाऊस फार झाला. आबांच्या वाटेत ओढा होता. गोळ्या मिळायच्या कागदाच्या पुडीत, आणि एकदा ओढा ओलांडताना त्यांची पुडी भिजून पिठासारखी झाली. पुढच्या आठवड्यात चिंचेखाली त्यांनी ती उघडून दाखवली. परत कसं मागायचं, सायेब वरडत्याल, असं ते म्हणत होते. तुम्ही दोघींनी काही विचार केला नाही. भाकरी मोडावी तशा तुम्ही आपल्या पुड्या सोडल्या आणि त्यांना वाटून दिल्या. मग तीच रीत पडली. कुणाची गाडी चुकली, कुणाचं यायचं राहिलं, की बाकीच्यांनी आपल्यातलं द्यायचं आणि आपण अर्धी अर्धी घ्यायची. मला ते फार छान वाटायचं. अर्धी गोळी दाताखाली तोडताना तू तोंड वाकडं करायचीस आणि मी हसायचे.

घरी तू गोठ्यालगतच्या पडवीत राहायचीस. तुझी थाळी, तुझा तांब्या वेगळा. आजी भाकरी करायची आणि थाळी उंबऱ्याबाहेर ठेवून सरकायची. मी तिला दुष्ट समजायचे. तिचा धाकटा मुलगा ह्याच खोकल्यानं तिच्या मांडीवर गेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मात्र तिनं शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत दुखणं हटलं तर तू चुलीपाशी बसशील. मी त्या दिवाळीची जेवढी वाट पाहिली तेवढी पुढं कशाचीच पाहिली नाही. मला फराळ नको होता. तू थापलेली भाकरी तव्यावरून सरळ माझ्या ताटात पडायला हवी होती.

दिवाळीच्या तोंडावर तुझी थुंकी तपासली. उन्हाळ्यात चांगली आली होती, ती पुन्हा खराब आली. दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं, औषध आता पहिल्यापासून. पुढचा बाजाराचा दिवस आला, तू उठली नाहीस. त्याच्या पुढचाही गेला. दादा म्हणाले, जा. आजी म्हणाली, नशिबात असंल ते हुईल. तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस, आणि मी एवढीशी पोर असूनही मला समजलं, की तू आता जाणार.

तिसऱ्या आठवड्यात मावशी विचारत विचारत विंझरला आल्या. आजीनं विचारलं, कुठलं पावणं? त्यांनी गाव सांगितलं आणि वाडाही सांगितला, काही न लपवता. आजीनं पाण्याचा तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला आणि मागं सरली. मावशी तो उचलून वरून धार धरून पाणी प्यायल्या, पडवीत येऊन तुझ्या अंथरुणाशी बसल्या आणि तुझ्या वेगळ्या थाळीकडं बघत राहिल्या. मी दाराशी उभी आहे. त्यांचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो. "आमाला येगळं भांडं नवं न्हाई, बाई. लई पिढ्यांचं हाय. पर आमी ते सोडवलं ते गप पडून न्हाई. तू गप पडलीयास." तू म्हणालीस, आक्का, काय करू, दवा लागू पडंना. त्या म्हणाल्या, का पडंना ते इचारलंस का कुणाला? तू मान हलवलीस, नाही म्हणून. मग त्या म्हणाल्या, चल तर, इचारू.

भोरच्या दवाखान्यात तुम्ही तिघं एकदम आत गेलात. शिपाई म्हणाला, एकेकानं जा. मावशी म्हणाल्या, आमचं दुखणं येकच हाय, येकदमच जातो. मीही तुझ्या लुगड्याला धरून आत घुसले. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती, त्यांना घाई होती. तू गोळ्या वाटून घेतल्याचं सांगितलंस तेव्हा ते संतापले. गोळी म्हणजे काय प्रसाद आहे, म्हणाले, की आला त्याच्या हातावर ठेवली? मला वाटलं, आता मावशी बोलतील. मावशींनी तुझ्याकडं पाहिलं. तू तोंडावरचा पदर खाली घेतलास. "परसाद न्हाई, सायेब. पर अर्धी घेतल्यावर काय हुतं, ते आमाला कुणी सांगितलं न्हाई. आज सांगा. समदं सांगा. माजी पोर साळंला जाते, ती पाठ करंल."

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. अर्ध्या गोळीनं रोग मरत नाही, उलट औषधाला निर्ढावतो. एक दिवस चुकवायचं नाही. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. मी पाढ्यासारखं पाठ केलं, आणि पुढं चिंचेखाली कुणी नवीन माणूस आलं की मावशी मला म्हणायला लावायच्या. तू आणखी मागितलंस, पावसाळ्यात वरच्या गावांना एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या द्या आणि पुडीऐवजी बाटलीत द्या. ते म्हणाले, बाटल्या तुम्ही आणा, गोळ्या मी देतो. आबांनी पुढच्या खेपेला खोबरेल तेलाची बाटली घासून आणली होती, तरी त्यांच्या गोळ्यांना शेवटपर्यंत तेलाचा वास यायचा. आणि सगळ्यांत शेवटी, दाराशी पोचल्यावर, तू वळून विचारलंस, चुलीम्होरं कवा बसू? डॉक्टर गोंधळले. म्हणाले, उन्हाळ्यात थुंकी चांगली आली होती, तेव्हाच बसायला हरकत नव्हती. पुन्हा तशी आली की बसा, भांडीही वेगळी नकोत. आधी विचारलं नाहीत तुम्ही.

परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत एकदाच म्हणालीस, "इचारलं न्हाई." मला नाही सांगितलंस. तुझं तुलाच.

मग तू पूर्ण गोळ्या घेतल्यास. शिमग्याच्या सुमाराला थुंकी चांगली आली. दादा म्हणाले, माझ्या आईला मी सांगतो. तू म्हणालीस, नको, माजं म्या सांगते. घरी येऊन हातपाय धुतलेस, उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस आणि आजीला म्हणालीस, आत्याबाई, डाक्टर म्हन्ले की आता भीती न्हाई. भाकरी म्या थापते. आजी चुलीतल्या जाळाकडं बघत बसली. मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही. मग ती हळूच उठली, पाट मोकळा केला आणि म्हणाली, "पीठ काढलंय परातीत. पानी बेतानं घाल."

आई, पुढं तू कितीतरी वर्षं भाकऱ्या केल्यास. मावशी तुझ्या आधी गेल्या, आबा त्यांच्याही आधी. तुला आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, त्यामुळं हे पत्र धाडलं तरी तिथं तुला कोण वाचून दाखवणार, म्हणून ते इथंच राहील. येत्या गुरुवारी त्या बाई मला पुन्हा विचारतील. ह्या वेळी सांगेन म्हणते, की रात्री झोप येत नाही, हात खांद्याच्या वर जात नाही, आणि डॉक्टर घाईनं बोलतात ते मला अर्धं कळत नाही.

पण त्याआधी तुझ्यापाशी एक राहिलंय. त्या दिवशी पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस, पदरानं कपाळ पुसलंस आणि विचारलंस, कशी झालीया? चिंचेखालचा नियम मला चांगला ठाऊक होता. तरी मी म्हणाले, बरी झालीया, आणि दुसरी मागून घेतली. तुझ्या हाताची सवय मोडली होती, आई. दोन्ही भाकऱ्या मधोमध कच्च्या होत्या.