मुळीची पुडी

राघोभावा, गावी साखरशेतात सगळ्यांना जिवलीचा राम राम सांग.

माझा डावा हात मोडलाय, पण काळजी करू नको, उजव्यानं लिहितेय. फोनवर तू मधेच बोलला असतास.

मी पडले नाही. नुसता हंडा उचलला आणि मनगट मोडलं. इथं वसईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांध्यांची जुनी सूज आणि साखर, दोन्ही हाडं पोखरतात. माझं फुगलेलं तोंड बघून त्यांनी विचारलं, "सुजेच्या गोळ्या किती वर्षं खातेस? त्यांनी साखर चढते, हाडं पोकळ होतात." मी म्हटलं, गोळीला मी हात लावत नाही, भाऊ सांध्यांसाठी देतो ती झाडाच्या मुळीची पुडी खाते.

मग तुझ्या बायकोनं, प्रमिलानं, फोनवर रडत सांगितलं. तू पाट्यावर त्याच गोळ्या वाटून मुळीत मिसळत होतास.

तुला माझं बरंच करायचं होतं. म्हणून तर जास्त लागलं. परक्याला मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

नाचणी लावून झाली का? आईचे गुडघे कसे आहेत? तिलाही पुडी तूच देतोस. तिला दवाखान्यात ने, आणि त्याआधी समोर बसून खरं सांग. मी सांगितलं तर तिला पटणार नाही. तिचा तुझ्यावर विश्वास आहे, माझा होता तसा.

तुझी बहीण,
जिवली