निळ्या ठिपक्याची स्प्रिंग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा झाडे पाडणे व पेट्रोलवरच्या चेन करवतींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तसा प्रयत्न झाला, पण तो कोणी केला हे योग्य कलमात येईल. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. माझी शुद्ध.

माझा थोरला मुलगा आणि शेजारी राहणारे माझे धाकटे दीर यांचे म्हणणे असे की माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कारण काय, तर मी या वयात करवत उचलते आणि तिच्याशी बोलते. थोरला गेल्या महिन्यात मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी बहात्तरपर्यंत गेले आणि म्हटले, "आता माझी पाळी. एक लिटर पेट्रोलला टू-स्ट्रोक ऑइल किती?" डॉक्टरांना सांगता आले नाही. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असे मात्र कोणी म्हटले नाही.

तेव्हा माझ्या शुद्धीचा पुरावा मी इथेच देते. माझ्या मशीनला लिटरमागे वीस मिलिलिटर. दुसऱ्या मशीनचे प्रमाण तिच्या पुस्तकात पाहावे, शेजाऱ्याला विचारू नये. हे मिश्रण महिन्याहून जुने वापरू नये. टाकी भरताना इंजिन थंड झालेले हवे, आणि भरल्या जागेपासून निदान दहा फूट लांब नेऊन मगच ते चालू करावे. चालू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या बुटाचे टोक मागच्या मुठीत, मग दोरी. मशीन हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढणारे पुष्कळ शूर मी पाहिले आहेत. त्यांतल्या दोघांच्या मांड्यांवरचे टाकेही पाहिले आहेत.

हे सर्व मी कुठेही न पाहता लिहिले आहे. हे मृत्युपत्र तपासून द्यायला आलेल्या वकीलबाई समोर बसून बघत आहेत.

कलम २. घर.

राहते घर दोन्ही मुलांना समान. दोघांनी त्यात राहावे, नाहीतर भाड्याने द्यावे, पण मधे भिंत घालू नये. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कार्बोरेटर उघडायचा नाही. मी उघडत असे, कारण तिथे उजेड चांगला आहे आणि मला बोलणारे कोणी उरले नव्हते.

कलम ३. थोरला.

बँकेतली ठेव दोघांत निम्मी-निम्मी, त्यात लिहिण्यासारखे काही नाही. थोरल्याला शिवाय माझी अ‍ॅल्युमिनियमची शिडी देते. यात टोमणा नाही. शिडीवर चढून चेन करवत चालवणे म्हणजे एका हाताने शिडी धरणे, आणि करवतीला दोन्ही हात लागतात. शिडी शेडमधून गेलेली बरी. थोरल्याचे ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे तिचा काय उपयोग ते त्याने पाहावे.

बाळा, तू मनाचा वाईट नाहीस. तुला माझ्यासाठी भीती वाटते, आणि ती तू काकांच्या शब्दांत बोलतोस. शेड विकून मला बाल्कनीत खुर्ची टाकून द्यायची तुझी इच्छा मी ऐकली आहे. मला खुर्ची नको.

कलम ४. धाकटी.

शेड, बाक, सगळ्या कानशी, दोन्ही हेल्मेटे, कापता न येणाऱ्या कापडाच्या विजारी आणि माझी मोठी करवत मी धाकट्या मुलीला देते. चौदा वर्षे ती माझ्यासोबत काम करते आहे. "बाईच्या जातीला हे काम शोभतं का?" असे तिला आजवर किती जणांनी विचारले हे मोजायचे आम्ही सोडून दिले आहे. बहुतेक जण आपले झाड पाडून झाल्यावर विचारतात.

या देणगीला अटी आहेत. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, इतक्या अटी मृत्युपत्रात कोणी घालत नाही." मी म्हटले, "मग लोकांची बोटं का जातात?"

रोज सकाळी पहिल्या कापाआधी ब्रेक तपासायचा. चेन फिरत असताना डाव्या मनगटाने पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलायची. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. दोन श्वासांचे काम आहे. ही अट सर्वांत वरची आहे, आणि का ते पुढच्या कलमात लिहिले आहे.

चेनचा ताण इंजिन बंद आणि थंड असताना बघायचा, हातमोजे घालून. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीखाली ती लोंबता कामा नये, पण हाताने ओढली तर सरकली पाहिजे. मशीनचे टोक पांढऱ्या लाकडासमोर धरून रेस दिली की तेलाची बारीक रेघ उमटते. रेघ नसेल तर चेन कोरडी फिरते आहे. एअर फिल्टर रोज झटकायचा, उद्या नाही. धार लावताना कानस एकाच दिशेने पुढे, प्रत्येक दाताला सारखे हात. दातापुढचा छोटा उंचवटा मापपट्टी लावून मोजल्याशिवाय घासायचा नाही. तो फार खाली गेला की चेन अधाशी होते आणि लाकडाला हिसके देते.

खांद्याच्या वर कापायचे नाही. एकटीने कापायचे नाही. हेल्मेटची जाळी घामाने चिकटते म्हणून तू ती वर सारतेस, हे मला दिसत नाही असे तुला वाटते. मेल्यावरही मला दिसेल असे समजून चाल.

कलम ५. माझे दीर आणि एक डबी.

हे कलम लिहायला मला नऊ वर्षे लागली.

एकोणतीस वर्षांपूर्वी आमच्या पहिल्या करवतीने माझ्या नवऱ्याचा डावा खांदा फाडला. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा आडव्या फांदीला लागला आणि मशीन उसळून त्याच्या अंगावर आले. असे उसळते म्हणूनच ढाल आणि ब्रेक असतात. मनगट ढालीला लागते, ब्रेकच्या आतली जाड स्प्रिंग सुटते, पट्टा आवळला जातो, चेन थांबते. त्या दिवशी ढाल पुढे गेली आणि चेन थांबली नाही. हात वाचला, पण त्या हाताने पुढे त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलता आला नाही.

दवाखान्याच्या पायरीवरच दीर म्हणाले, "वहिनींनी धार लावली होती. बाईनं लावलेली धार, दुसरं काय होणार?" त्याच आठवड्यात ते मशीन त्यांनी भंगारात देऊन टाकले. घरात ते पुन्हा दिसू नये, म्हणाले. मला ते माणुसकीचे वाटले. पुढची एकोणतीस वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात माझ्या धारेवर खापर फुटत राहिले. गिऱ्हाइके मशीन परत न्यायला यायची आणि दातांवरून अंगठा फिरवून माझ्याकडे बघायची.

नवरा त्यानंतर अकरा वर्षे जगला. शेवटच्या वर्षी एकदा उजव्या हाताने माझ्यापुढे कानस सरकवत म्हणाला, "तुझ्या धारेत खोट नव्हती."

मी म्हटले, "हे चार माणसांत म्हणा."

तो भिंतीकडे वळला. भावाला बोल लागू नये एवढेच त्याला हवे होते. त्याच्यावर माझे प्रेम होते, आणि ही गोष्ट मी त्याला माफ केलेली नाही. दोन्ही इथे नोंदवते.

आता डबीबद्दल. आम्ही गिऱ्हाइकांची मशीने उघडतो, भाग एकमेकांत मिसळतात, म्हणून आमच्या स्वतःच्या मशीनच्या प्रत्येक भागावर मी निळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका देते. पहिल्या दिवसापासूनची सवय आहे. नऊ वर्षांपूर्वी मला एक जुना नट हवा होता. दिरांनी कुंपणावरून त्यांच्या माळ्यावरचा जुन्या खिळ्या-नटांचा अख्खा डबा दिला, "घ्या वहिनी, सगळाच ठेवा." त्याच्या तळाशी ब्रेकची एक स्प्रिंग होती. तिच्या टोकाला निळा ठिपका होता.

अपघाताच्या आदल्या दिवशी करवत दिरांकडे होती. त्यांना कुंपणाकडेची झुडपे साफ करायची होती. झुडपात ढाल सारखी अडकते, ब्रेक बसतो, आणि घाईच्या माणसाला ते सोसत नाही. स्प्रिंग काढली की ढाल दिसते जागेवर, पण ती नुसती शोभेची राहते. परत बसवायची ते विसरले असतील. विसरणे मी समजू शकते. खोटे बोलणे नाही.

माझा वाटाही लिहिते, नाहीतर हे मृत्युपत्र कशाला. मशीन परत आले तेव्हा रात्र झाली होती आणि सकाळी नवऱ्याला घाई होती. मी चेनला धार लावून ठेवली होती, ती उत्तम होती. पण ब्रेक तपासला नाही. दोन श्वासांचे काम मी केले नाही. त्यानंतर एकही सकाळ चुकवलेली नाही.

तर माझ्या धाकट्या दिरांना मी ती स्प्रिंग, निळ्या ठिपक्यासह, पत्र्याच्या डबीत घालून देते. माझ्या पश्चात ती त्यांच्या हातात द्यावी. काही बोलू नये.

कलम ६. हद्दीवरचे झाड.

आमच्या आणि दिरांच्या हद्दीवरचे वाळलेले झाड माझ्या मालकीचे आहे. त्याचा कल माझ्या मोकळ्या अंगणाकडे आहे, तरी "ही बाई ते माझ्या छपरावर पाडेल" असे दीर सगळ्यांना सांगत आले आहेत. ते मी स्वतः पाडणार आहे. त्याआधी मी गेले तर धाकटीने पाडावे. वाळक्या झाडाची फांदी न सांगता सुटते, म्हणून आधी वर बघावे, मग खाली. मागे तिरप्या दिशेने पळायची वाट साफ करून ठेवावी. खाच पडायच्या बाजूला, मागचा काप थोडा वर, आणि मधे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखावी; ती कापली की झाड कोणाचेच ऐकत नाही. बघणाऱ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभे राहावे, मग ते सख्खे दीर का असेनात.

कलम ७. हरकत.

या मृत्युपत्राला हरकत घ्यायची असेल त्याने आधी माझी करवत थंडीच्या सकाळी नियमाने चालू करून दाखवावी. वकीलबाई म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. नाही तर नाही.

जोड. आजच, त्याच शाईने.

सही करायला बसण्याआधी थोरला डॉक्टरांना घेऊन आला. कागदावर काही होण्याआधी आईला एकदा तपासा, हे दिरांनी त्याला सुचवले होते. दीरही कुंपणाशी येऊन उभे होते. मी म्हटले, "बरं झालं सगळे आलात. लांब उभे राहा." विजार चढवली, हेल्मेट घातले, ब्रेक तपासला, आणि हद्दीवरचे झाड पाडले. धाकटी सोबत होती. पडायच्या जागी रोवलेल्या खुंटीपासून ते वीतभर डावीकडे पडले. वीतभर चुकले हे मी मान्य करते. दिरांच्या छपराचे एक कौलही हलले नाही.

इंजिन बंद करून मी शेडमधून डबी आणली. मरेपर्यंत थांबायचे काही कारण मला दिसेना. दिरांनी झाकण उघडले.

"वहिनी, ही कुठं सापडली?"

ही काय आहे, असे त्यांनी विचारले नाही. शेजारी थोरला, धाकटी, डॉक्टर आणि वकीलबाई होत्या. चार माणसे. सगळ्यांनी ऐकले.

स्प्रिंग दिली गेल्यामुळे कलम ५ मधली देणगी रद्द. बाकी मजकूर तसाच राहील. एक साक्ष डॉक्टरांनी द्यायचे कबूल केले; दुसरे साक्षीदार म्हणून ठरलेले सुतारकाका आज आलेच नाहीत. दिरांना आता या मृत्युपत्रातून काहीही मिळत नसल्याने त्यांची साक्ष चालते, असे वकीलबाईंनी सांगितले. मी पेन त्यांच्यापुढे धरला. म्हटले, "भाऊजी, मी शुद्धीवर आहे की नाही, तेवढं लिहा. आणखी काही लिहावंसं वाटलं तर जागा आहे."

सहीवर तेलाचा डाग दिसेल. तो निष्काळजीपणा नव्हे. मोठी करवत चालवल्यावर दोनदा धुतले तरी हाताला तेल राहतेच.

ठिकाण: माझी शेड, धारेच्या बाकाशी.
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, दुपार.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. "बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीवर आहेत. लिटरला वीस मिलिलिटर."

साक्षीदार दुसरे: दीर, स्वतःच्या अक्षरात. "वहिनी शुद्धीवर आहेत. तेव्हाही होत्या. धारेत खोट नव्हती. स्प्रिंग मी काढली होती."