मामांचं तीन पंख्यांचं कार्ड परत

नागाव

ती. प्रज्योतमामांस,

विनिताचा नमस्कार. मामींचा गुडघा आणि तुमच्या ट्रकचं पासिंग, दोन्ही मार्गी लागलं असेल असं धरून चालते. आई मजेत. बाबांचीही तब्येत उत्तम, फक्त ते हॉलमध्ये बसेनासे झाले होते. पत्राचं कारण तेच.

तुम्ही प्रेमाने पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड तिकडे निघालेल्या निकेतबरोबर पनवेलला परत पाठवते आहे. राग मानू नका. कार्ड दणकट आहे (आणि त्याचे रंगीत दिवे पाहता पुढे गणपती बसवायला हरकत नव्हती), पण त्याला तीन पंखे आहेत. बाबांना कानाचं मशीन लागल्यापासून आमच्या जुन्या कंप्युटरच्या पंख्याची घरघर त्यांना सिनेमातल्या बोलण्याहून मोठी ऐकू यायची. हे त्यांनी कबूल केलेलं नाही. कंप्युटर सुरू झाला की ते हळूच मशीन काढून खिशात टाकायचे, हे मी पाहिलं आहे. नंतर तर “आताचे सिनेमे बंडल” असं जाहीर करून त्यांनी खुर्ची माडांखाली नेली, आणि आई हॉलमध्ये एकटी बसून खिडकीतून त्यांना ओरडून गोष्ट सांगू लागली (खलनायक मेल्याचं शेजारच्या रघूकाकांनाही कळायचं).

तुम्ही फोनवर म्हणालात, “अगं, गाडी घेताना कोणी कमी ताकदीची घेतं का?” मामा, आम्ही सिनेमा बघतो, घाट चढत नाही. सिनेमासाठी कार्डाला एकच गोष्ट यावी लागते: व्हिडिओ उलगडायचं काम त्याने स्वतः करावं, म्हणजे बाकीचा कंप्युटर तापत नाही आणि त्याचा पंखा घरघरत नाही. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत पंख्याचं बेअरिंग किती टिकतं, ते आमच्या घरातल्या कुठल्याही पंख्याला विचारा. म्हणून मी बिनपंख्याचं छोटं कार्ड घेतलं. त्यावर ॲल्युमिनियमच्या नुसत्या पात्या आहेत. उष्णता वर चढते आणि पेटीच्या जाळीतून निघून जाते. आवाज शून्य.

पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग सिनेमा मध्येच थांबू लागला. मी सॉफ्टवेअर बदललं, वायर बदलली, तापमान पाहिलं तर ते भलतंच चढलेलं. माझा हिशेब चुकला की काय अशी शंका आली (ती फार टिकली नाही). वास येत होता, पण नागावात त्या वासाचं कारण कोणी शोधत बसत नाही. शेवटी पेटीवरचं फडकं उचललं. जाळीवर आईने अर्धवट सुकलेले कोळंबीचे सोडे पसरले होते, अगदी ओळीत. विचारलं तर म्हणाली, “उन्हाचा पत्ता न्हाय आठवडाभर. हे गरम हाय, कोरडं हाय, आवाजबी न्हाय करीत. मला वाटलं, त्याच्यासाठीच आणलंस!”

तिच्या तर्कात चूक काढता आली नाही. सोडे हलवले, कार्ड ताळ्यावर आलं. निवड बरोबर होती, एवढं नोंदवून थांबते.

आपली,
विनिता

ता. क. रविवारी बाबांनी अख्खा सिनेमा हॉलमध्ये बसून पाहिला. मशीन कानातच होतं. शेवटी म्हणाले, “हा हिरो पुटपुटतोच होय! मला वाटलं, माझेच कान गेले.”

ता. क. दुसरा. आता खरं काम. बाबांना मी सांगितलं आहे की हे कार्ड तुम्ही निवडलंत. ते आभार मानायला फोन करतील, तेव्हा वरचे सगळे मुद्दे (त्यांच्या कानांचा सोडून) तुमचे म्हणून सांगा. “विनिताला यातलं काही कळत नाही” असंही म्हणा, चालेल. मी निवडलं असं कळलं, तर का निवडलं हे त्यांना मला विचारावं लागेल.