गाडी पायावर येऊ दे

तात्या, गाडी दीड इंचानं उंच करून घेतली. पोटाखाली पोलादी पत्राही बसवला. तुम्ही असता तर पहिला प्रश्न आला असता, "कुनी केलं काम? तू म्होरं हुतीस का?" होते. सकाळी दहापासून चारपर्यंत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होते, डबासुद्धा तिथंच उघडला, पण त्या माणसाच्या हातावरची नजर काढली नाही. शेवटी तुमचीच पोर. दूधवाल्याचं माप असो, पंपावरचा आकडा असो, नाहीतर मालकानं सांगितलेलं जनावराचं दुखणं असो, ऐकल्याबरोबर मी काहीच खरं मानत नाही. आई म्हणायची, या घरात संशयाला वेगळं पान वाढावं लागतं. पण आज लिहायला बसले ते ही कौतुकं सांगायला नाही. तुमच्याबद्दलचा एक संशय मी सत्तावीस वर्षं बाळगला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी सोडला नाही. तो असा की, मी मुलगी म्हणून तुम्ही माझ्या हातचं काम मुद्दाम मोडून पुन्हा करत होता. परवा मंगळवारी सांगलीतल्या त्या गॅरेजात मला त्याचं उत्तर मिळालं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आधी गाडीचं सांगते. हल्ली या गाड्या दिसतात जीपसारख्या, पण आतून साधी मोटार. जाहिरातीत डोंगराच्या टोकावर उभी असते, आणि आपल्या बांधावरून उतरली की पोट घासते. मला जतच्या पलीकडच्या वस्त्यांवर शेळ्या-मेंढ्या, म्हशी बघायला जावं लागतं. तिकडचे रस्ते म्हणजे नुसते दगड, मध्ये उंचवटा आणि दोन बाजूंना चाकोऱ्या. दिवाळीनंतर एका वस्तीवर म्हैस अडली म्हणून निरोप आला. मी निघाले, आणि अर्ध्या वाटेत एका दगडानं इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फोडलं. सगळं ऑइल मातीत. पिशवी खांद्याला लावून तीन किलोमीटर चालत गेले, तोवर म्हैस गेली होती. वासरू पोटातच. मालक म्हातारा, जन्मभर मेंढरं राखलेला. रडला नाही, भांडला नाही. माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघत म्हणाला, "आवं बाई, मग गाडी कशाला आनली? आदीच चालत निगायचं की." हे बोलणं फार लागलं. गाडी उंच करायचं त्याच दिवशी ठरलं. कंपनीचा सर्व्हिसवाला म्हणाला, असलं काही केलंत तर वॉरंटी जाईल. मला लगेच वाटलं, याला दर वर्षी एक नवं चेंबर विकायचं असणार.

तुमचं गॅरेज आठवतंय. उंब्रजला हायवेला लागून, वर सिमेंटचे पत्रे, आत ऑइलनं काळी झालेली जमीन. पलटणीच्या वर्कशॉपमधून हवालदार होऊन आलात आणि पेन्शन मिळाली तरी पाना सोडला नाहीत. वडापच्या जीपा तुमच्याकडे यायच्या, बारा-चौदा माणसं कोंबून चाकांवरचे कमानपाटे दबून बसलेल्या. नट पक्का आवळून झाला की तुम्ही काडेपेटीची काडी लाल रंगात बुडवायचा आणि नटावरून बोल्टावर एक बारीक रेघ ओढायचा. रेघ मोडली तर नट हलला, किंवा कुणी हलवला. पुढं गिऱ्हाईक भांडायला आलं की तुम्ही आधी रेघ बघायचा, मग तोंड उघडायचा. मी दहावीपासून तुमच्या हाताखाली. नदीकाठच्या शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि पाना घ्यायचा. एकोणीसचा पाना माझा. मी नट आवळते, जीव खाऊन आवळते, आणि तुम्ही बघता, मान हलवता, रेघ मात्र ओढत नाही. म्हणता, "ऱ्हाऊ दे. गाडी पायावर येऊ दे." बस्स. पुढं अक्षर नाही. तुमच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला बोल्ट काढणं. एकदा मी चिडून विचारलं, माझ्या नटावर रेघ का नाही, तर गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, "सांगितलं तेवडं कर." ड्रायव्हर हसले. मी मनात लिहून ठेवलं.

मग ती सकाळ. मी बारावीला होते. तुमचे सगळ्यांत जुने मित्र, ज्यांना मी ड्रायव्हरकाका म्हणायचे, त्यांच्या जीपला नवे कमानपाटे घातले होते. पाट्यांच्या टोकाला रबरी बुश असतात, त्यांचे चार नट आदल्या दिवशी मी एकटीनं आवळले होते. तुम्ही कुठंतरी गेला होता. फार अभिमान वाटला होता मला, आईला दोनदा सांगितलं. सकाळी शाळेआधी आईनं चहाची किटली दिली म्हणून गॅरेजवर आले. शटर अर्धं वर. जीप अजून जॅकवर. तुम्ही तिच्याखाली उताणे पडून माझे नट सैल करताय. एक, दोन, तीन, चार. तोंडात विडी, हातात माझाच पाना. मी किटली दाराशी ठेवली आणि निघून आले.

दुपारी काका जीप न्यायला आले तेव्हा तुम्ही जेवायला घरी होता, गॅरेजात मी एकटी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाले, "काका, नट बघून घ्या. सकाळी तात्या सैल करत होते." काका हसले नाहीत. संशय हा असाच रोग, तात्या, एका जनावराला झाला की गोठा सोडत नाही. आठ दिवसांत वडापच्या अड्ड्यावर बोलणं पसरलं की हवालदार मुद्दाम नट ढिले ठेवतो, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. जीपा यायच्या बंद झाल्या. एक तेवढी आली, तिच्या ड्रायव्हरनं स्वतः खाली झोपून प्रत्येक नट हलवून पाहिला, आणि तुम्ही बाजूला उभे राहून पाहत होता. त्यानंतर ट्रॉल्यांचे ॲक्सल आणि मोटारसायकलींची पंक्चरं एवढंच उरलं.

त्या दिवसांत एकदा स्वयंपाकघरात आपण दोघं जेवत होतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही भाकरी कुस्करून तशीच ठेवलीय. म्हणालात, "ह्ये कुनी उटवलं आसंल?" कुणाला विचारत नव्हता, ताटाला विचारत होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला काय म्हाईत." खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तांब्याभर पाणी प्याले. तुम्ही ताट पुढं सरकवलंत आणि म्हणालात, "त्येचंच काम. जीप त्येचीच हुती." ड्रायव्हरकाका. वीस वर्षांची दोस्ती त्या ताटावर संपली. पुढं रस्त्यात भेटले तरी तुम्ही मान फिरवायचा. आणि त्या माणसानं अड्ड्यावर कुठं ऐकलं, कुणी सांगितलं, हे कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या मयताला आले होते. फाटकाबाहेरच उभे राहिले. मी जवळ गेले तर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुजं नाव म्या कुटं घेतलं न्हाई." मला ते ऐकवलं नाही. मी आत निघून गेले.

मी जनावरांच्या डॉक्टरकीला निघाले तेव्हा तुम्ही तो एकोणीसचा पाना आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून दिलात. "तुजा हात बसलाय ह्येच्याव." मी वरून हसले, आतून विचार करत बसले, हा टोमणा तर नाही? यांना कळलंय का? तुमची भेटसुद्धा मी उलटीपालटी करून बघितली, बाजारात गाय घेणाऱ्यानं दात बघावेत तशी. पण टाकला नाही. डिकीत आहे.

तर मंगळवार. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा, मला उगाच तुमची आठवण देणारा, म्हणून आणखीच नकोसा. दुपारपर्यंत त्यानं गाडी लिफ्टवर घेऊन चारी बाजूंच्या स्प्रिंगा उतरवल्या, त्यांच्यावर जाड चकत्या बसवल्या, सगळं परत जोडलं. मी एकेक बोल्ट मोजत होते. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "डॉक्टरीणबाई, च्या घिऊन येतो," आणि गेला. मी वाकून हात घातला, तर पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे, आर्मचे, बोल्ट चक्क ढिले. बोटानं फिरत होते. पाचावर धारण बसली. याच गाडीनं मी घाटातून जाणार. हा विसरला, की मुद्दाम ठेवले? डिकीतून पाना काढला. एकोणीसचाच लागला. जीव खाऊन आवळले, तुमच्या गॅरेजात आवळायचे तसे, आणि पर्समधली लाल नेलपॉलिश काढून प्रत्येकावर एक रेघ ओढली.

तो आला, गाडीखाली गेला, रेघा बघितल्या. त्यानं पाना लावला आणि एकेक बोल्ट सैल करायला लागला. एक, दोन. तात्या, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले. "सैल का करताय? मी डोळ्यांनी बघतेय. गिऱ्हाईक परत यावं म्हणून का?" हो, अगदी हेच शब्द.

तो बाहेर आला. चिडला नाही. "आवं बाई, संशय हाय व्हय माज्याव? हिकडं या." फळीवरून एक जुना, चिरलेला रबरी बुश काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "गाडी टांगलेली आसताना आर्म खाली लोंबतुय. तवा आवळलं की रबर तितंच धरलं जातंय. मग गाडी खाली घेतली, वजन पडलं, की आर्म वर जातुय आन् रबर पिळलं जातंय. कायमचं पिळलेलंच ऱ्हातंय. म्हैन्या-दोन म्हैन्यात चिरतंय, आसं. म्हनून हवेत आवळायचंच न्हाई. गाडी खड्ड्याव घ्यायची, तिच्या पायाव हुबी करायची, आन् मग खालनं आवळायचं." आणि विचारलं, "तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं. पुढचा अर्धा भाग सांगायची तुम्हाला सवय नव्हती आणि विचारायची मला. त्या चार नटांवर रेघ नव्हती ती माझा हात कच्चा म्हणून नव्हे, वेळ चुकली होती म्हणून. मी जॅकवरच आवळून ठेवले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी लवकर उठून, कुणी यायच्या आत, माझी चूक दुरुस्त करत होता. गिऱ्हाइकांसमोर हशा नको म्हणून. थांबून पुढचं पाहिलं असतं तर मलाही कळलं असतं.

मी त्या मिस्त्रीपुढं रडले. त्याला वाटलं बुशासाठी. "आवं, फाटला न्हाई की तुमचा," म्हणाला. मग त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला, आणि हाक मारली, "या, तुमीच आवळा. पाना चांगला हाय तुमचा." मी साडी खोचून खड्ड्यात उतरले आणि आवळले. त्यानं किती जोरानं आवळलंय ते दाखवणारा वजनाचा पाना लावून तपासले, एकही हलला नाही. मग इंजिनाखाली पत्रा बसवला, ऑइल बदलताना काढावा लागेल म्हणून त्याचे बोल्ट दाखवून ठेवले. पैसे दिले, माफी मागायची राहिली. काल त्या म्हाताऱ्याच्या वस्तीवर गेले. मधला उंचवटा पत्र्याला दोनदा लागला, खडखडलं, पण गाडी पोचली. दुसरी म्हैस बांधलीय त्यानं. गाडीखाली वाकून बघून म्हणाला, "आता खरी आली बगा."

काका गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली. म्हणजे ज्या दोघांना हे सांगायला हवं होतं त्यांतलं कुणीच नाही. गॅरेजाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, तिथं पत्र टाकून काय करू. फडक्यात पान्याबरोबर गुंडाळून डिकीत ठेवते.

पण वर दोन ओळी खोट्या लिहिल्यात. किटली दाराशी ठेवली आणि निघून आले, असं लिहिलं; थांबून पुढचं पाहिलं असतं तर, असंही. निघाले नव्हते. शटराआड उभी होते. तुम्ही जॅक खाली घेतलात, जीप पायावर उभी राहिली, तुम्ही पुन्हा तिच्याखाली गेलात, चारही नट आवळलेत, आणि काडी रंगात बुडवून चार रेघा ओढल्यात. सगळं पाहिलं होतं मी, तात्या. काकांना फक्त आधीचं सांगितलं.