दोन पानं एकदम पडली तर

दिल्ली, श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थरूप मायेस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. धाकट्या किशोरची लेक चंदा वाचून दाखवील. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. झोप थोडी कमी पडते, एवढंच.

किशोर सांगत होता, महादेवाला बेलाची लाखोली वाहताना तुझा हात थरथरतो. दोन पानं एकदम पडली, की तू त्या दिवसाची मोजणी पहिल्यापासून धरतेस, आणि तोवर पोटात काही नाही. चंदा रागावली तर म्हणतेस, "तुले काय करा लागते? देवाले फसवू का मी?"

माय, माझंही काम तसंच आहे. वीज म्हणजे फार बारीक कणांची धार. आमचं यंत्र ते कण एकेक करून सोडतं, म्हणून किती वीज वाहिली ते नेमकं कळतं. दोन एकदम निसटले, की माप बाद आणि पुन्हा सुरुवात. कालही बाद झालं. यंत्र बर्फाहून कितीतरी थंड राखावं लागतं. ते सोडून निघता येत नाही, म्हणून या श्रावणात माझं येणं नाही.

पायाची सूज उतरली का?

एक ऐक. यंत्राला समोर कोण आहे ते कळत नाही. महादेव तुला ओळखतो. दोन पानं पडली, तर दोन्ही त्याला पोचली. आधी चार घास खा, मग उरलेली वाहा.

तुझ्या आशीर्वादावर चालणारा,
वासुदेव